परवान्याची पत

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधीचा करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना तेथे रोजगार मिळवून देण्याचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले. परिचारिका, वीजतंत्री, सुतार, आचारी यांच्याबरोबरच बस आणि ट्रक यांच्या चालकांचाही त्या यादीत समावेश होता. करारानंतर जर्मन भाषेच्या वर्गांविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच होते. परंतु चालकाच्या बाबतीत भाषेइतकाच कठीण असा आणखी एक उंबरठा आहे आणि त्याच्याकडे त्या मानाने लक्ष गेले नाही. तो उंबरठा म्हणजे वाहन चालविण्याचा परवाना.

आचाऱ्याचे कसब त्याच्या हातात असते, सुताराचे त्याच्या रंध्यात. ते घेऊन तो मुलखावेगळ्या ठिकाणी गेला तरी चार दिवसांत त्याची पारख होते. चालकाचे कसब मात्र, कायद्याच्या दृष्टीने, त्याच्या हातात नसून त्याच्या खिशातील कार्डात असते. नाशिक-मुंबई घाटातून दहा वर्षे बिनअपघात ट्रक चालविलेला माणूस जर्मनीत स्थायिक झाला की त्याचा भारतीय परवाना सहा महिने चालतो. त्यानंतर त्याच परवान्यावर गाडी चालविणे हा तेथे फौजदारी गुन्हा ठरतो. पुढे गाडी चालवावयाची असेल तर डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, लेखी परीक्षा आणि रस्त्यावरील चाचणी हे सारे त्याला नव्याने पार पाडावे लागते. बस वा ट्रक चालवावयाचा असेल तर व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रताही मिळवावी लागते. हाच नियम लहान मोटार चालविणाऱ्या पुण्याच्या अभियंत्यालाही लागू आहे. दहा वर्षांचा अनुभव सहा महिन्यांत शून्य व्हावा, हे का घडते याचा विचार केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरता मर्यादित राहू नये, कारण त्याचे मूळ परदेशापेक्षा स्वदेशात अधिक खोल गेलेले आहे.

पाहुणा आणि रहिवासी

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आपल्याकडील प्रादेशिक परिवहन कार्यालयात शुल्क भरून ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ मिळतो, आणि तो हाती असला म्हणजे जगभर गाडी चालविता येते अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः हा स्वतंत्र परवाना नव्हेच. १९४९ साली जिनिव्हा येथे झालेल्या रस्तेवाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय करारातून आलेली ती व्यवस्था असून, मूळ परवान्याची सर्वांना वाचता येईल अशी प्रत एवढेच तिचे स्वरूप आहे. तिची मुदत एक वर्षाची. मुख्य म्हणजे ती पाहुण्यासाठी आहे, रहिवाशासाठी नाही.

हा भेद सर्वच देश करतात आणि त्यामागे तर्क आहे. चार आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्याची परीक्षा घेत बसणे कोणालाच परवडणारे नाही. पर्यटन, व्यापार, दळणवळण सारेच त्यामुळे अडेल. म्हणून त्याच्या परवान्यावर तात्पुरता विश्वास टाकला जातो. जो राहावयास आला त्याच्याबाबत मात्र प्रश्न बदलतो. तो पुढची वीस-तीस वर्षे या रस्त्यांवरून गाडी हाकणार. तेव्हा त्याची जबाबदारी यजमान देशाला आपल्या शिरावर घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये ही मुदत बारा महिन्यांची आहे. मुदत संपली की दोनच वाटा उरतात. जुना परवाना देऊन त्याच्या बदल्यात नवा घेणे ही पहिली आणि नवशिक्याप्रमाणे पुन्हा आरंभ करणे ही दुसरी. पहिली वाट कोणासाठी खुली असावी, हे प्रत्येक देशाने आपापल्या यादीत लिहून ठेवले आहे.

यादीच्या आत आणि बाहेर

या याद्या डोळसपणे वाचण्यासारख्या आहेत. ब्रिटनच्या यादीत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जपान, सिंगापूर, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड, दक्षिण आफ्रिका, बार्बाडोस, झिंबाब्वे असे देश आहेत. त्यांच्या नागरिकांनी नव्हे, तर त्यांच्या परवानाधारकांनी पाच वर्षांच्या आत अर्ज केला की चाचणीशिवाय ब्रिटिश परवाना मिळतो. भारत या यादीत नाही. जर्मनीच्या यादीत नाही, जपानच्या चाचणीमाफीच्या यादीतही नाही.

यावर आपल्याकडे सहज सुचणारी दोन स्पष्टीकरणे आहेत. पहिले म्हणजे रस्त्यांच्या पद्धतीतील फरक. परंतु ते टिकत नाही. भारतात आणि ब्रिटनमध्ये वाहने डाव्या बाजूने चालतात. दक्षिण कोरियात आणि स्वित्झर्लंडमध्ये उजव्या बाजूने. तरीही सोलमध्ये मिळालेला परवाना लंडनमध्ये बदलून मिळतो, सोलापुरात मिळालेला मिळत नाही. दुसरे स्पष्टीकरण वर्णाभिमानाचे वा श्रीमंत राष्ट्रांच्या आढ्यतेचे. त्यात काही अंश सत्य असेलही. पण ज्या यादीत झिंबाब्वे आहे तिला केवळ धनिकांचा मेळावा म्हणता येणार नाही.

याहून बोलका पुरावा दुबईचा आहे. संयुक्त अरब अमिरातींत भारतीय परवान्यावर थेट परवाना मिळत नाही. सिद्धान्ताची परीक्षा, मैदानातील चाचणी आणि रस्त्यावरील चाचणी उत्तीर्ण व्हावे लागते. पहिल्या फेरीत अनुत्तीर्ण होणारे पुष्कळ असतात आणि प्रत्येक फेरीचे शुल्क वेगळे असते. रत्नागिरी-रायगडातून आखातात गेलेल्या अनेक कुटुंबांना याचा चांगलाच अनुभव आहे. पण २०२१ पासून ब्रिटनने अमिरातींचा परवाना आपल्या यादीत घेतला आहे. म्हणजे असे की, कोकणातील एखाद्या तरुणाने दुबईत चाचणी देऊन परवाना मिळविला आणि पुढे तो ब्रिटनमध्ये स्थायिक झाला, तर त्याला मोटारीचा ब्रिटिश परवाना विनाचाचणी मिळू शकतो. त्याचाच सख्खा भाऊ चिपळूणहून थेट ब्रिटनला गेला तर त्याला नवशिका म्हणून रांगेत उभे राहावे लागते. दोघांचे पारपत्र एक, वर्ण एक, गाडी शिकण्याचा रस्ताही कदाचित एकच. फरक एवढाच की एकाची परीक्षा कोणीतरी खरोखर घेतली आहे, असे ब्रिटनला वाटते. दुसऱ्याबद्दल तसे वाटत नाही.

सराफाचा बट्टा

परवान्याच्या अदलाबदलीकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे ती अर्थशास्त्राला अगदी परिचित अशी गोष्ट ठरते. पेशवाईच्या काळात महाराष्ट्रात एकाच वेळी अनेक टांकसाळींचे रुपये चलनात होते. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही. एका प्रांताचा रुपया दुसऱ्या प्रांतात खर्चावयाचा तर सराफाकडे जावे लागे आणि सराफ नाण्याची चांदी जोखून, टांकसाळीची ख्याती पाहून बट्टा कापून घेई. ज्या टांकसाळीत हिणकस धातू मिसळतो अशी वदंता असे, तिच्या खऱ्या नाण्यालाही बट्टा बसे. नाणे घेऊन येणारा गृहस्थ सज्जन आहे की लुच्चा, याच्याशी सराफाला कर्तव्य नसे.

परदेशातील परवाना अधिकारी हा असाच सराफ आहे. समोरच्या अर्जदाराला गाडी येते की नाही हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक असते ती त्याच्या कार्डावरील शिक्क्याची पत. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते की, चांगल्या आणि वाईट मालात फरक करता येत नाही तेथे ग्राहक सर्वच मालाला वाईटाची किंमत देतो. जुन्या मोटारींना लागू पडणारा हा नियम मोटार चालविणाऱ्यांनाही तंतोतंत लागू पडावा, हा एक उपरोधच म्हणावयाचा.

अर्थात केवळ गुणवत्तेवर सारे ठरते असेही नाही. राजकारणाचा भाग त्यात असतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर स्पेनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिशांनी याचा चटका अनुभवला. अदलाबदलीचा करार वेळेत न झाल्याने १ मे २०२२ पासून तेथील ब्रिटिश रहिवाशांचे परवाने निरुपयोगी झाले. दोन्ही सरकारांत समझोता होऊन मार्च २०२३ मध्ये अदलाबदल सुरू होईपर्यंत, सुमारे साडेदहा महिने, कित्येकांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. त्या काळात ब्रिटिश चालकांचे कौशल्य कमी झाले नव्हते. दोन राज्यांमधील कराराचा धागा तेवढा तुटला होता. तात्पर्य, अदलाबदलीला दोन गोष्टी लागतात, परीक्षेची विश्वासार्हता आणि सरकारांमधील समझोता. ब्रिटनपाशी पहिली होती, म्हणून दुसरी वर्षभराच्या आत जुळविता आली. भारताची अडचण अशी आहे की पहिलीविषयीच शंका असल्याने दुसरीसाठी आग्रह धरण्याचे बळ उरत नाही.

टांकसाळीची तपासणी

ही शंका निराधार आहे काय? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक काटेकोर अभ्यास उपलब्ध आहे. मारियान बर्ट्रांड, सिमियन जांकोव्ह, रेमा हन्ना आणि सेंधिल मुल्लैनाथन या चौघा अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतील आठशेहून अधिक परवानेच्छू व्यक्तींवर केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्जदारांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्याला परवाना लवकर मिळविल्यास बक्षीस देऊ केले, दुसऱ्याला गाडी चालविण्याचे मोफत शिक्षण दिले, तिसऱ्याला तसेच सोडले. परवाना हाती आल्यावर या सर्वांची स्वतंत्रपणे चाचणी घेण्यात आली. बक्षिसाच्या गटातील लोकांना परवाने अधिक प्रमाणात मिळाले, परंतु गाडी न येताच परवाना मिळविणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. हे घडत होते दलालांमार्फत. विशेष असे की, दलालाला चालविण्याची चाचणी टाळता येत होती. रहिवासाचा पुरावा मात्र टाळता येत नव्हता. अर्जदार कोठे राहतो याची शहानिशा झाली, त्याला गाडी येते काय याची झाली नाही. परवाना हे कौशल्याचे प्रमाणपत्र न राहता रहिवासाचे प्रमाणपत्र बनले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

हा अभ्यास जुना आहे, एका शहराचा आहे, आणि त्यानंतर बरेच पालटले आहे हे मान्य केले पाहिजे. अर्ज संगणकावर आले, शिकाऊ परवान्याची परीक्षा संगणक घेऊ लागला, काही ठिकाणी माणसाऐवजी यंत्रे चाचणीचे गुण देऊ लागली. तरीही २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीच्या वेळी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीच देशातील सुमारे ३० टक्के परवाने बनावट असल्याचे सांगितले होते. ज्या टांकसाळीचा अधिपतीच आपल्या नाण्यांबद्दल असे बोलतो, त्या नाण्यांना परक्या सराफाने बट्टा कापला तर त्याला दोष कसा देणार? २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी जर्मनीत २,७८८. लोकसंख्या सुमारे सतरा पट आणि मृत्यू साठ पट. या अंतराला रस्ते, वाहने, वैद्यकीय मदत अशी अनेक कारणे आहेत आणि साऱ्याचे खापर चालकावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि परदेशातील अधिकारी हे आकडे वाचतो, आणि यादी करताना ते त्याच्या डोळ्यांसमोर असणार हे उघड आहे.

उलटपक्षी आपला कायदा काय सांगतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या नवव्या कलमानुसार, कोणत्याही परदेशातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेला परवाना ज्याच्यापाशी आहे त्याला, वैद्यकीय अट पूर्ण केल्यास, भारतात चालविण्याची चाचणी द्यावी लागत नाही. कोणत्याही परदेशातील, हे शब्द महत्त्वाचे आहेत. यादी नाही, परतफेडीची अपेक्षा नाही. ज्याने आयुष्यात कधी रस्त्यावर आडवी आलेली म्हैस पाहिली नाही त्याला आपण विनाचाचणी मुंबईच्या रहदारीत सोडतो. ही उदारता वाटेल, परंतु वाटाघाटीच्या दृष्टीने पाहता हातातील पत्ता खेळापूर्वीच टाकून देण्यासारखे ते आहे. किंबहुना चाचणीलाच आपण फारसे महत्त्व देत नाही, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होय.

भुर्दंड कोणाला?

या साऱ्याची किंमत कोण मोजतो, हा खरा आर्थिक प्रश्न आहे. दलालाला पैसे देऊन परवाना घेतलेला माणूस ती मोजत नाही; त्याला हवे ते स्वस्तात मिळालेले असते. ज्याने प्रामाणिकपणे चाचणी दिली, वर्षानुवर्षे नीट गाडी चालविली आणि जो आता परदेशी निघाला आहे, तो ती मोजतो. जर्मनीत नवशिक्याला परवाना मिळविण्यास दोन-तीन हजार युरो सहज लागतात. अनुभवी परदेशी चालकाला तासिकांची सक्ती नसली तरी चाचणी शिकवणी संस्थेच्या गाडीतूनच द्यावी लागते आणि वाहतुकीच्या तेथील सवयी शिकाव्याच लागतात. अभियंत्याला हा खर्च झेपतो. रेल्वेने कामावर जाऊन तो वेळ काढू शकतो. ज्याची रोजीरोटीच चाकावर आहे त्या ट्रकचालकासाठी मात्र परवान्यावाचूनचे महिने म्हणजे वेतनावाचूनचे महिने. ज्या कामासाठी त्याला नेले तेच काम करण्यास तो कायद्याने अपात्र असतो. करारातील चालकाची जागा आणि वास्तवातील चालकाची जागा यांत हे अंतर आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. भारतात कोणत्याही कार्यालयाने दिलेला परवाना देशभर चालतो. ही सोय योग्यच आहे, पण तिच्यामुळे साऱ्या कार्यालयांची पत एकमेकांत गुंतली आहे. एखाद्या जिल्ह्याने कसून चाचणी घेतली तरी परदेशातील अधिकाऱ्याला तो जिल्हा वेगळा ओळखता येत नाही. ढिलाई करणाऱ्या कार्यालयाचा लाभ स्थानिक राहतो आणि हानी सर्वांच्या वाट्याला येते. अशा स्थितीत एकट्या कार्यालयाला काटेकोर राहण्याचे आर्थिक प्रयोजनच उरत नाही. म्हणून हा प्रश्न नीतिमत्तेच्या उपदेशाने सुटणारा नाही. व्यवस्था बदलूनच तो सुटेल.

युरोपने काय केले?

या बाबतीत युरोपचा मार्ग उद्बोधक आहे. आज फ्रान्सचा परवाना जर्मनीत तसाच चालतो, परंतु हे आपोआप घडले नाही. १९८० च्या पहिल्या निर्देशानुसार एका सदस्य देशातून दुसऱ्यात राहावयास गेलेल्याला वर्षभरात परवाना बदलून घ्यावा लागे. त्या काळात चाचणीचे किमान निकष सर्वांसाठी समान करीत नेण्यात आले. १९९१ चा दुसरा निर्देश जुलै १९९६ पासून अमलात आला आणि बदलून घेण्याची सक्तीच संपली. आधी परीक्षा समान झाली, मग विश्वास आला, आणि अखेरीस खिडकीवरची रांग नाहीशी झाली. हा क्रम उलटा करता येत नाही. जपानने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी परवान्यांच्या अदलाबदलीची ज्ञानचाचणी १० प्रश्नांऐवजी ५० प्रश्नांची केली आणि उत्तीर्णतेची रेषा ९० टक्क्यांवर नेली. जगाची दिशा दरवाजे आपोआप सैल होण्याची नाही, हे यावरून दिसते.

भारताने काय करावे, याचे उत्तर फार गूढ नाही. शिकविणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असावा, हे पहिले सूत्र. जर्मनीत शिकवणी संस्था शिकवितात आणि परीक्षा स्वतंत्र तांत्रिक संस्था घेतात. ब्रिटनमध्ये परीक्षा शासकीय यंत्रणा घेते. आपल्याकडे मात्र २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचे प्रमाणपत्र असलेल्याला परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट दिली. शिकवणीवाल्यानेच बोर्डाची गुणपत्रिका द्यावी, असा हा प्रकार आहे. त्याचा फेरविचार व्हावयास हवा. दुसरे, चाचणी रस्त्यावर यावी. दुचाकीने आठचा आकडा काढणे किंवा मोटार उलटी नेऊन उभी करणे यातून हातापायांचे नियंत्रण कळते. समोरून येणाऱ्याचा अंदाज, पादचाऱ्याला वाट देण्याची सवय कळत नाही. ब्रिटनमधील चाचणी सुमारे ४० मिनिटांची, जर्मनीतील ५५ मिनिटांची असते. आपल्याकडे किती मिनिटे लागतात हे प्रत्येक परवानाधारकाने स्वतःला विचारावे. तिसरे, प्रत्येक कार्यालयाने दर महिन्याला किती जणांची चाचणी घेतली आणि किती अनुत्तीर्ण झाले, हे जाहीर करावे. ज्या कार्यालयात कोणी नापासच होत नाही, तेथे परीक्षा होत नाही हे कळण्यास मग समितीची गरज राहणार नाही.

चौथी गोष्ट वाटाघाटीची. जर्मनीतील परवान्याचे नियम संघराज्याचे आहेत. एखादे घटक राज्य ते बदलू शकत नाही. आपल्याकडेही परराष्ट्रांशी करार करणे हा केंद्राचा अधिकार. तेव्हा मुंबईतील करार कितीही सदिच्छेने झाला असला तरी ही गाठ दिल्ली आणि बर्लिन यांनीच सोडवावयाची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांत स्थलांतरविषयक भागीदारीचा करार झालेला आहे. त्या चौकटीत हा विषय निघू शकतो. संपूर्ण मान्यता लगेच मिळणार नाही, पण मधली वाट आहे. अमेरिकेतील काही राज्यांच्या परवानाधारकांना जर्मनी केवळ लेखी परीक्षा घेऊन परवाना देतो. ज्या भारतीय चालकाची चाचणी यंत्राने नोंदविलेली आणि पडताळता येण्याजोगी आहे, त्याच्यासाठी अशाच अंशतः सवलतीची मागणी करणे अवाजवी होणार नाही. मात्र मागणी करणाऱ्याच्या हाती दाखविण्यासारखी नोंद असावयास हवी.

परदेशी जाणारे थोडे आणि येथे राहणारे कोट्यवधी; मग थोड्यांच्या सोयीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जी चाचणी स्टुटगार्टमधील अधिकाऱ्याला विश्वासार्ह वाटेल तीच साताऱ्याच्या रस्त्यावर शाळेला निघालेल्या मुलाचे रक्षण करील. परदेशी निघालेल्या चालकाला बट्टा पैशांत द्यावा लागतो, येथे राहणाऱ्यांना तो दरवर्षी माणसांच्या प्राणांनी द्यावा लागतो. परवान्याची अदलाबदल परदेशातील खिडकीवर होत असली, तरी तिचा दर आपल्याच गावच्या चाचणी मैदानावर ठरतो. तो सुधारावयाचा असेल तर आरंभही तेथूनच करावा लागेल.